शिकलगाराच्या पोराचं न निघणारं कुलूप

आमच्या घराला कुलूप नव्हतं. वडील कुलपं दुरुस्त करणारे, शिवाजी पेठेतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या कानशीखालून गेलेल्या, आणि आमचं स्वतःचं दार बाहेर जाताना तारेनं बांधलं जायचं. चोराला तार सोडायला त्रास नको म्हणून अम्मी तिला जेमतेम वेढा द्यायची. आत एक स्टोव्ह, एक पत्र्याची ट्रंक आणि आम्ही माणसं. "नेऊन नेऊन काय नेईल? नेलंच तर झाडायला जागा हुईल," ती म्हणायची.

आम्ही शिकलगार. वाडवडील हत्यारांना धार लावायचे. हत्यारं गेली, मग सुऱ्या-कात्र्या आल्या, त्याही फेकून नवीन घ्यायची पद्धत आली, तेव्हा अब्बा कुलपांकडं वळले. चौकाच्या कोपऱ्यावर मोडक्या छत्रीखाली एक लाकडी पेटी, तिच्यावर कानस, पकड आणि कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा. पावसाळ्यात कुलपं गंजतात, पण गंजलेलं कुलूप घेऊन माणूस येतो तो पाऊस संपल्यावर. त्यामुळं पावसाळाभर आमच्याकडं चटणी-भाकरी, आणि कधी भाकरी-चटणी. अम्मी लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करायची. आमच्या घरात साड्या पुष्कळ दिसायच्या, सगळ्या दुसऱ्यांच्या.

घरी लाईट नव्हती म्हणून मी तालमीत अभ्यास केला. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा तर खराच, पण आमच्या पेठेत तालीम म्हणजे गणपती, पीर, फुटबॉल, भांडण मिटवणं आणि भांडण लावणं हे सगळं एकाच छपराखाली. जिंकलेल्या ढाली ठेवायच्या खोलीत ट्यूबलाइट होती. तिच्याखाली बसून मी कॉम्प्युटरची बी.एस्सी. केली. आमच्या घराण्यात त्याआधी कॉलेजात कुणी गेलंच असेल तर तिथलं कुलूप काढायला. तालमीचं नाव सांगत नाही. मला अजून त्याच पेठेत राहायचंय.

मधली वर्षं सोडून देतो. नोकऱ्या केल्या, सोडल्या, शेवटी पेठेतच एक गाळा घेतला. काम काय, तर लोकांच्या फाइली आणि ड्राइव्ह सॉफ्टवेअरनं कुलूपबंद करून द्यायच्या. याला एन्क्रिप्शन म्हणतात. सोपं करून सांगतो. कपाटाला कुलूप लावलं तर साडी आत साडीच असते. कपाट फोडलं की मिळाली. एन्क्रिप्शनमध्ये साडीचा धागा न् धागा उसवून त्याचा गुंता करून ठेवतात. कपाट फोडलं तरी हाताला गुंताच लागतो. पासवर्ड टाकला की त्या गुंत्याची परत तीच साडी होते, काठापदरासकट. पासवर्ड विसरलात तर गुंता सोडवायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. मलाही जमत नाही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाही नाही. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि प्रत्येक गिऱ्हाईक डोळा मारून म्हणतं, "तसं लोकांना सांगा हो, पण तुमच्याकडं असणार की एक चोरकिल्ली."

आमच्या गावात हे काम करणं अवघड आहे, कारण इथं हळू बोलायची सवय नाही. गाडीवरून जाता जाता लोक हाक मारतात, "ओ सलीमभाई, माझा पासवर्ड त्यो गाडीचा नंबरच हाय न्हवं?" सगळा चौक ऐकतो. मी मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी बोलावून बदलून देतो. बदललेला पासवर्ड पण तो जाता जाता विचारतो.

पेठेत मसाला करणाऱ्या एक वहिनी आहेत. त्यांचं कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण त्यांना कुलूपबंद करून हवं होतं. सगळं झाल्यावर मी सहज म्हणालो, "वहिनी, निर्धास्त राहा. आता तुमचं प्रमाण कुणाच्या हाताला लागत नाही."

"लागलं तरी काय बिघडत न्हाय," त्या म्हणाल्या. "फायलीत खरं प्रमाण घातलंच न्हाय. लवंग चौपट लिवलीया. चोरणाऱ्याचं तोंड सोललं पायजे."

"मग कुलूप कशाला?"

"कुलूप असल्याशिवाय त्याला खरं वाटंल व्हय?"

मला धंद्यातलं पुष्कळ कळतं अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मी वहिनींसाठी चहा मागवला.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

आमच्या तालमीचा फुटबॉल संघ त्या मोसमात फायनलला गेला. समोर कोण ते सांगत नाही, पेठेतली सगळी वाचणारी माणसं ओळखतील आणि बाहेरच्यांना फरक पडत नाही. तर आमचा प्रशिक्षक संग्राम, शिकलेला पोरगा, त्यानं समोरच्या संघाच्या मॅचचे व्हिडिओ काढले होते. कुठला खेळाडू पेनल्टी कुठल्या बाजूला मारतो, त्यांचा गोलकीपर कधी पुढं सरकतो, आपले कॉर्नरचे डाव कुठले, सगळं एका ड्राइव्हवर. आता सेमीफायनलला आमचा एक डाव समोरच्यांना आधीच ठाऊक होता असा सगळ्यांना संशय. खरं म्हणजे तो डाव आमच्या पोरांनी चहाच्या गाड्यावर साखरेचे डबे मांडून सगळ्यांना दाखवला होता, पण ते कोण बोलणार.

कमिटी माझ्या गाळ्यावर आली. कमिटी म्हणजे तीन माणसं. आबा, जुने पहिलवान, कान मोडलेले, आवाज न मोडलेला. दिनकर अण्णा, यांच्या म्हशी. आमच्याकडं दूध कट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देतात, त्या धंद्यातलं अण्णांचं नाव मोठं. आणि रज्जाकचाचा शिंपी, संघाचे सगळे टीशर्ट यांच्या मशिनीवर.

आबा म्हणाले, "सलीम, ह्ये कुलूपबंद कर. पण किल्ली एकट्याकडं द्यायची न्हाय."

"मग?"

"पेटीसारखं कर की."

तालमीत एक जुनी पेटी आहे. पिराचा चांदीचा पंजा आणि गणपतीचा मुकुट दोन्ही तिच्यातच. तिला तीन कुलपं आहेत आणि तीन किल्ल्या तीन घरांत. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. कुलपं अब्बांनीच बसवलेली. तसाच पासवर्ड हवा होता. तीन तुकड्यांचा, प्रत्येकाचा तुकडा त्याच्या एकट्याच्या डोक्यात.

मला कल्पना आवडली. मोठमोठ्या कंपन्या हे करतात, आमच्या तालमीला ते पेटीवरून सुचलं होतं. मी नियम सांगितला. एकेकानं यायचं, आपला तुकडा टाकायचा, बाकीच्यांनी आणि मी भिंतीकडं तोंड करायचं. पासवर्ड दोनदा टाकावा लागतो, म्हणून सगळी परेड दोनदा. स्क्रीनवर नुसते ठिपके येतात. आधी चाचा बसले, मग अण्णा, शेवटी आबा. भिंतीकडं तोंड करून मी फक्त ऐकत होतो. आबांच्या वेळी बराच वेळ शांतता, मग खोकला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बटणांचा. झालं.

असं कुलूप लावलं की सॉफ्टवेअर एक लांबलचक सुटकेची किल्ली देतं, अडीअडचणीला. ती मी छापून त्यांच्या हातात दिली. "ही जपून ठेवा," म्हणालो.

"म्हंजे ह्ये ज्याला घावलं त्याला तिघांची गरज न्हाय?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

अण्णांनी तो कागद समोरच्या चहावाल्याच्या शेगडीत घातला. तिघं समाधानानं बघत राहिले. संग्रामच्या मोबाईलमधून, कॅमेऱ्यातून पण सगळं पुसायला लावलं. तो रडकुंडीला आला होता. मी म्हणालो, "आबा, मागं एक तरी प्रत ठेवा." आबा म्हणाले, "पेटीला चवथी किल्ली हाय व्हय?"

फायनलच्या दिवशी सकाळी तालमीत पोरांना व्हिडिओ दाखवायचे असं ठरलं होतं. मी लॅपटॉप घेऊन पोचलो तर खोलीत चाचा आणि आबा. अण्णा बाहेर, तालमीच्या कट्ट्यावर, आमच्याकडं पाठ करून.

"आत या की अण्णा."

"त्यो हाय तवर मी येत न्हाय."

चाचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आदल्या आठवड्यात आबा नेहमीसारखे दूध प्यायला अण्णांच्या दूध कट्ट्यावर गेले. अण्णांनी आपल्या लाडक्या म्हशीची, मंजुळाची, धार थेट ग्लासात काढून दिली. आबांनी एक घोट घेतला आणि भरल्या कट्ट्यावर म्हणाले, "पातळ लागतंय रं. पानी हाय ह्यात."

आता धार थेट ग्लासात काढलेली. दुधात पाणी असेल तर ते अण्णांनी घातलेलं नाही, म्हणजे म्हशीनंच घातलं. अण्णांनी स्वतःवरचा आरोप सोसला असता. मंजुळावरचा नाही. त्या दिवसापासून अबोला.

तरी फायनलसाठी म्हणून अण्णा आत आले. येताना माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्याला सांग, माझ्याकडं बघायचं न्हाय."

आबा म्हणाले, "त्याला सांग, बघण्यासारखं हाय काय."

आम्ही भिंतीकडं तोंड केलं. चाचांनी टाकला. अण्णांनी टाकला. आबांनी टाकला. एंटर. पासवर्ड चुकीचा.

परत. चुकीचा. परत. चुकीचा.

बाहेर पोरं बूट घालून बसली होती. संग्राम दारात नखं खात उभा. बातमी गल्लीत गेली, आणि आमच्या गल्लीत बातमी जाते तेव्हा माणसं पण बरोबर येतात. खोली भरली. जो तो मला म्हणे, "लेका, तूच लावलंयस न्हवं, मग काढ की." मी साडी, धागा, गुंता, सगळं सांगून बघितलं. एक जण म्हणाला, "तुझा बा समदी कुलपं काढतोय, आन् तुला तू लावलेलं निघत न्हाय?"

तेवढ्यावर भागलं नाही म्हणून कुणीतरी अब्बांनाच बोलावून आणलं. अब्बा पिशवी घेऊनच आले. गर्दीनं वाट दिली. पेठेत न निघणारं कुलूप नाही ही त्यांची ख्याती होती. ती त्यांनी पावसापाण्यात बसून मिळवलेली. त्यांनी ड्राइव्ह हातात घेतली, उलटीसुलटी केली, वायर खोचायच्या भोकात डोळा लावला.

"किल्ली हितनं जाती व्हय?"

"न्हाय अब्बा. त्याला किल्लीच नसते."

"मास्टर किल्ली?"

"न्हाय."

"कंपनीकडं असंल."

"कुणाकडंच न्हाय."

त्यांनी ड्राइव्ह टेबलावर ठेवली. पिशवीचा बंद बांधला. आवाज चढवला नाही. "मग कॉलेजात शिकलास काय तू?" एवढंच विचारलं.

खोलीतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ज्या ट्यूबलाइटखाली मी शिकलो ती डोक्यावर होती, आणि त्या ट्यूबलाइटच्या तालमीची फायनल माझ्यामुळं अडकली होती.

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिघांना म्हणालो, अजून एकदा. या वेळी भिंतीकडं तोंड केलं, पण कान मागं ठेवला. कुलपाच्या आतली पट्टी सरकते तेव्हा आवाज कसा येतो ते ऐकत मी लहानाचा मोठा झालोय. चाचांचा आवाज सरळ, मशीन चालवल्यासारखा. अण्णांचा ठाम. आबांचा मात्र प्रत्येक वेळी निराळा. मघाशी दोन-चार बटणांत उरकलं होतं, आता बटणं संपेचनात. आठवणारा माणूस असा टाकत नाही.

आबांना घेऊन मी आखाड्यात गेलो.

"आबा, तुमचा तुकडा तुम्हाला ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय की."

"मग टाका की बरोबर."

आबांनी आखाड्यातली माती पायानं सारखी केली. मग म्हणाले, "ठाऊक हाय म्हंजे अण्णाला ठाऊक हाय."

हळूहळू निघालं ते असं. त्या दिवशी आबा लॅपटॉपसमोर बसले आणि बटणांवरची इंग्रजी अक्षरं बघून गार पडले. ज्या माणसानं भल्याभल्यांना चितपट केलं, त्याला माझ्यासारख्या पोराला हाक मारून विचारायची लाज वाटली. मग त्यांनी खोकून अण्णांना खूण केली, अण्णा पाठ फिरवून उभेच होते, ते येऊन बसले. आबा कानात म्हणाले, "माझं बी तूच टाक, काय टाकायचं त्ये टाक." दोनदा. काय टाकलं ते विचारलं पण नाही. विचारायचं कशाला, अण्णाच होता.

तीन माणसांचं कुलूप होतं, कारण कुणाचा कुणावर भरवसा नको. आणि त्यातल्या दोघांचा एकमेकांवर इतका भरवसा की त्यांनी ते एकाच माणसाचं करून टाकलं. आणि आता ती दोघं बोलत नव्हती. "तोंड वेंगाडून त्याला इचारू व्हय मी?" आबा म्हणाले. "त्यापेक्षा फायनल गेली तरी चालंल."

फायनल गेली असती तर चाललं नसतं. मला तर अजिबात नाही. अण्णा परत बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले होते, मी त्यांच्याकडं गेलो.

"अण्णा, आबांचा तुकडा तुम्हाला ठाऊक हाय. चला, टाका."

अण्णांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा आनंद दिसला. ते मुद्दाम थांबले, पान लावलं, चुना पुसला. "मी न्हाय टाकायचा," म्हणाले. "त्याचा तुकडा हाय, त्यानं टाकायचा. मी फकस्त सांगीन काय हाय त्ये."

"काय हाय?"

"मंजुळा."

मी पायरीवर खाली बसलो.

खोलीत परत जमलो. आता बाहेरच्यांना आवरायचा मी प्रयत्नच सोडला होता. खिडकीत माणसं, दारात माणसं. चाचांनी आपला तुकडा टाकला. अण्णांनी आपला. मग आबा बसले, आणि अण्णा त्यांच्या मागं हाताची घडी घालून.

"ह्याला सांग, यम दाब."

"त्याला सांग, यम कुठं हाय त्ये दाव."

"ह्याला सांग, खालच्या वळीत, उजवीकडं. बोट हळू ठेव म्हणावं, कुस्ती न्हाय."

असं एकेक अक्षर. पासवर्ड गुपचूप टाकायचा असतो हे मी शिकवतो. हा पासवर्ड माईक लावल्यासारखा गल्लीभर गेला. शेवटचं अक्षर झाल्यावर आबांनी एंटरकडं बोट नेलं, तर अण्णांनी मध्येच हात घातला.

"ह्याला सांग, आता तोंडानं नाव घेऊन सांगायचं. दूध कसं हाय."

आबांचं बोट हवेत. दारातून संग्राम म्हणाला, "आबा, पाया पडतो तुमच्या."

"मंजुळाचं दूध घट्ट हाय," आबा म्हणाले. मग बोट तसंच ठेवून, "त्या दिशी गलास वला होता. धुऊन पुसला नव्हता कुणी."

अण्णांनी विचार केला. "गलास वला असंल," म्हणाले. "त्ये हुतंय." आणि हात काढला.

एंटर. ड्राइव्ह उघडली.

अब्बा दारातच उभे होते. त्यांनी कुणाकडं न बघता विचारलं, "म्हंजे ती दोघं बोलली नसती तर?"

"नसती उघडली."

"कदीच?"

"कधीच."

त्यांनी ड्राइव्ह परत हातात घेतली. या वेळी भोकात बघितलं नाही. नुसतं वजन केल्यासारखी तोलली आणि ठेवली.

फायनल टायब्रेकरवर गेली. आमच्या गोलकीपरनं व्हिडिओत बघितलं तशी डावीकडं उडी मारली, बॉल खांबाला लागला, खांबावरून त्याच्या पाठीला लागला आणि बाहेर गेला. व्हिडिओत पाठीचं काही नव्हतं, पण श्रेय ड्राइव्हला गेलं. मिरवणुकीत मंजुळा सगळ्यात पुढं होती, शिंगांना रंग लावून, आणि तिची दोरी आबांच्या हातात. गुलाल उतरायच्या आत मी पासवर्ड बदलून घेतला. या वेळी मी बटणांवर मराठी अक्षरं चिकटवून दिली आणि आबांनी आपला तुकडा आपल्याच हातानं टाकला.

मला वाटलं, आता धंदा बसला. पेठेसमोर तोंडघशी पडलो होतो. पण झालं उलटंच. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. "शिकलगाराच्या पोरानं लावलेलं कुलूप शिकलगारालाबी निघालं न्हाय म्हणं?" मी म्हणायचो, हो. "मग आम्हाला तसलंच पायजे." इतकी वर्षं घसा कोरडा करून जे कुणाला पटलं नव्हतं ते एका म्हशीनं पटवून दिलं. नेसरीहून एक डॉक्टर आले, पेशंटच्या फाइली घेऊन. नृसिंहवाडीचे एक पेढेवाले आले. त्यांनी आधी विचारलं, "फाइलीत खरं लिहायचं का खोटं?" मी त्यांना वहिनींचं नाव सांगितलं नाही. गुप्तता हा माझा धंदा आहे.

सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं पाठवली अब्बांनी. छत्री आता नवी आहे, जागा तीच. कुलूप घेऊन आलेल्या माणसाचं कुलूप ते कानशीनं, पकडीनं काढून देतात आणि मग माझ्या गाळ्याकडं बोट करून सांगतात, "ह्ये मला निघतंय. त्या तिथं माझा पोरगा बसतोय, त्यानं लावलेलं मलाबी निघत न्हाय." हे ते मोठ्यानं सांगतात. आयुष्यभर एकाही कुलपापुढं न हरलेल्या माणसाला हे सांगताना काय वाटत असेल ते मी विचारलेलं नाही. ते रोज सांगतात यावरून अंदाज करतो. वाईट एवढंच वाटतं, की त्यांची कानस धरायला आता घरात कुणी नाही. मी पण नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. धाकटी बहीण दुसरी, आणि तिचे मार्क माझ्यापेक्षा चांगले. मागच्या वर्षी आम्ही घराला दोन खोल्या वाढवल्या आणि पुढं लोखंडी दार बसवलं. अब्बांनी त्यासाठी बाजार पालथा घातला, प्रत्येक कुलूप दुकानातच उघडून बघितलं आणि सगळ्यात उशिरा उघडलं ते आणलं. किल्ली अम्मी बाहेरच्या खिळ्यालाच अडकवते, ते सोडा. आमच्या घरात आता चोरून नेण्यासारखं सामान आहे, आणि आमच्या घराला कुलूप आहे.